‘एएए ग्रेड’ ओपल म्हणजे काय रे भाऊ?

परत एक लिंक आली. या वर्षातली सहावी की सातवी. "ताई, हा ओपल कसा वाटतो? घेऊ का? ८० टक्के सूट आहे, रात्री बारापर्यंतच." पाठवणारे कधी मेव्हणे असतात, कधी पुतणी, तर कधी ज्यांच्याशी एरवी फक्त दिवाळीला बोलणं होतं असे लांबचे कुणीतरी काका.

मी दर वेळी एकच उत्तर देते, "माहीत नाही." आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की मी टाळतेय. टाळत नाही हो! फोटो बघून ओपलची किंमत सांगता येत नाही. मलाही नाही आणि जयपूरच्या जोहरी बाजारात हयात काढलेल्या माणसालाही नाही. येते असं जो छातीठोकपणे म्हणतो तो एकतर विकणारा असतो, नाहीतर आधीच घेऊन बसलेला. म्हणून आज सगळं एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी मलाच तुम्हाला लिंक पाठवता येईल :)

(माझी पात्रता विचाराल तर भूशास्त्रात बीएस्सी, मग तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी. दगडांचं वेड मात्र तेव्हापासूनचं. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट घरात शोकेसमध्ये आहे, आणि तो धूळ खातो अशी घरच्यांची तक्रारही आहे. शुक्र, त्याची महादशा आणि हिऱ्याऐवजी ओपल चालतो का, हा माझा प्रांत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. नवरत्नांच्या यादीत ओपलचं नाव नाही एवढं फक्त सांगते, आणि पुढे जाते.)

आधी ओपल म्हणजे काय ते दोन वाक्यांत. सिलिका आणि पाणी. हिरा, माणिक, पुष्कराज यांच्यासारखा हा स्फटिक नाही. त्याच्या पोटात सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्या असतात, एका मिलीमीटरचे पाच हजार तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढ्या. लाडवांच्या डब्यातल्या लाडवांसारख्या त्या ओळीने नीट रचलेल्या असल्या की प्रकाश त्यांच्यात अडखळून रंग फुटतात. कशाही टाकलेल्या असल्या तर काही दिसत नाही, आणि मग तो बिनरंगी दगड, ज्याला ऑस्ट्रेलियातले खाणवाले ‘पॉच’ म्हणतात. हे कोडं सुटलं तेसुद्धा १९६०च्या दशकात, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. गोळ्या लहान असतील तर निळा, मोठ्या असतील तर लाल. मोठ्या गोळ्या नीट रचल्या जाणं दुर्मिळ, म्हणून लाल महाग आणि नुसता निळा स्वस्त.

आता यातली ग्यानबाची मेख अशी की हा रंग दगडात ‘भरलेला’ नाही. तो प्रकाशाच्या कोनातून जन्मतो. दगड जरा कलता केला की लाल जागी हिरवा, हिरव्या जागी निळा. म्हणजे ओपलची सगळी किंमत ज्या गोष्टीत आहे ती गोष्ट हालचालीत आहे. आणि तुम्ही ती एका स्थिर फोटोवरून ठरवायला निघालात! लग्नाच्या बायोडेटातला फोटो बघून स्वभाव ओळखण्यातलाच प्रकार. फोटो खोटा नसतो हो, पण तो शंभरातला एक असतो, आणि तो एक कुणी निवडला?

ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीला ठाऊक होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला तोच हा. त्याने आपल्या ग्रंथात ओपलबद्दल लिहिलंय की काचेपासून याची नक्कल जितकी हुबेहूब होते तितकी दुसऱ्या कुठल्याच रत्नाची होत नाही (आणि नक्कल करणारे कोण, तर हिंदुस्थानातले! वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला). अस्सल-नक्कल ओळखायची त्याने सांगितलेली कसोटी एकच. अंगठा आणि बोट यांच्यात धरून उन्हात फिरवा. एकच रंग स्थिर राहिला तर खोटा, झळाळी पालटत राहिली तर खरा. प्लिनीच्या मते ओपल यायचा हिंदुस्थानातून. आज अभ्यासक मानतात की रोमनांचा ओपल बहुधा सध्याच्या स्लोव्हाकियातल्या खाणींतून येत असे. म्हणजे मालाचं गाव चुकीचं सांगण्याची परंपरा किती जुनी ते बघा. आता विकणारे हिंदुस्थानात बसून ‘ऑस्ट्रेलियन’ लिहितात, एवढाच काय तो फरक!

तर, उन्हात धरून फिरवणं ही ओपलची मूळ परीक्षा, आणि ऑनलाइन खरेदीत नेमकं तेवढंच करता येत नाही.

"अगं पण व्हिडिओ असतो ना हल्ली!" असतो. तो मी किमान शंभर वेळा पाहिलाय. काळी पार्श्वभूमी, वरून एकच कडक एलईडी दिवा, आणि गोल फिरणारी छोटी तबकडी. एका जागून येणाऱ्या कडक प्रकाशात मध्यम ओपलही पेटतो. चांगला ओपल ओळखायचा तो मंद उजेडात. संध्याकाळी खोलीतला दिवा लावायच्या आधी खिडकीपाशी जो दिसतो तो त्याचा खरा चेहरा. काळ्या मखमलीवर पारदर्शक ओपल काळा दिसतो, आणि काळा ओपल हा सगळ्यांत महाग. पांढऱ्या कागदावर ठेवला की सोंग उतरतं. म्हणून तर पांढऱ्या कागदावरचा फोटो सहसा नसतो. शिवाय सहा मिलीमीटरचा खडा स्क्रीनवर पेढ्याएवढा दिसतो. माझ्या पुतणीला पार्सल उघडल्यावर वाटलं की आत फक्त खोका आलाय.

आणि त्याहून संतापजनक ते एक छोटं वाक्य, पार तळाशी, करड्या अक्षरात: ‘चित्र प्रातिनिधिक आहे.’ एकच फोटो आणि खाली ‘४० नग शिल्लक’. अहो, प्रातिनिधिक काय? तूरडाळ आहे का ती? कुठलेही दोन नैसर्गिक ओपल एकसारखे नसतात. चाळीस नग एका फोटोसारखेच असतील तर ते कारखान्यात झालेत, आणि एकसारखे नसतील तर फोटो तुमच्या खड्याचा नाही. तिसरी शक्यता मला तरी सुचत नाही. तुम्हाला सुचली तर कळवा. (कारखान्यातला ओपल ही काही थाप नाही. फ्रान्सच्या गिल्सनने तो १९७४ पासून बाजारात आणला. भिंगाखाली त्यात सरड्याच्या कातडीसारखी जाळी दिसते. तो ‘कृत्रिम’ म्हणून विकला तर माझं काही म्हणणं नाही. ‘ओपलाइट’ या नावाने येते ती तर चक्क दुधी काच.)

आता ग्रेड. ‘एएए’, ‘एएएए’, परवा एका ठिकाणी पाच ए बघितले. कुणी ठरवले हे ए? कुणीच नाही. हिऱ्याला जशी जगभर मानलेली प्रतवारी आहे तशी ओपलला नाही. प्रत्येक विक्रेता स्वतःच पेपर काढतो, स्वतःच सोडवतो आणि स्वतःच तपासतो. त्यातल्या त्यात जी पद्धत जाणकार वापरतात ती ऑस्ट्रेलियातली. खड्याच्या अंगाचा मूळ रंग किती गडद ते एन१ ते एन९ असं मोजतात. एन१ ते एन४ काळा, एन५-एन६ गडद, एन७ ते एन९ फिका. त्याच्या जोडीला झळाळी, प्रमुख रंग आणि रंगाची नक्षी. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतील तर स्वस्त, बुद्धिबळाच्या पटासारखे मोठे चौकोन (याला हार्लेक्विन म्हणतात) असतील तर फार महाग. लाइटनिंग रिजचा उत्तम काळा ओपल कॅरटला १०,००० डॉलरच्याही पुढे जातो, आणि त्याच वजनाचा फिकट, मंद, ठिपकेदार ओपल त्याच्या शंभराव्या हिश्शातही येतो. दोन्हींच्या जाहिरातीत शब्द मात्र तोच, ‘एएए’. ज्या विक्रेत्याला एन-किती विचारल्यावर उत्तर येत नाही, त्याला आपण काय विकतोय ते माहीत नाही. किंवा माहीत आहे, पण सांगायचं नाही. दोन्ही वाईटच.

‘फायर ओपल’ हा आणखी एक घोळ. मेक्सिकोचा फायर ओपल म्हणजे नारिंगी-तांबड्या अंगाचा पारदर्शक खडा. त्यात रंगांचा खेळ असेल किंवा नसेलही. इकडे मात्र जरा काही चमकलं की ‘फायर’.

वजनाची गोष्ट तर पोटात दुखेपर्यंत हसण्यासारखी आहे, पैसे दुसऱ्याचे असतील तर. रत्ती म्हणजे मूळची आपली गुंज, तोळ्याला ९६, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. पण खड्यांच्या बाजारात जी ‘पक्की रत्ती’ चालते ती साधारण ०.१८ ग्रॅमची. ज्योतिषाने सांगितले सव्वासहा रत्ती. एका हिशेबाने ते ३.८ कॅरट होतात, दुसऱ्या हिशेबाने ५.७. आता जाहिरातीत नुसतं ‘रत्ती’ लिहिलं असेल तर कुठली? दर पक्क्या रत्तीचा आणि माल कच्च्या रत्तीचा, हेही चालतं. म्हणून सरळ ग्रॅम किंवा कॅरट विचारा (५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम). आणि तेही पुरत नाही, कारण क्वीन्सलँडच्या बोल्डर ओपलला मागे लोहदगड चिकटलेलाच असतो, तुम्ही त्याचं वजनही ओपलच्या भावाने घेता. साध्या ओपलच्या तळाशीही जाड बिनरंगी पॉच ठेवलेला असू शकतो. लांबी, रुंदी आणि जाडी मिलीमीटरमध्ये मागा. जाडी सांगायला लोक का लाजतात, ते जाडी कळली की कळतं.

जोडखड्यांचंही तसंच. ओपलची कागदासारखी पातळ चकती, खाली काळी पाठ चिकटवली की डब्लेट, वर काचेची किंवा क्वार्ट्झची टोपी बसवली की ट्रिप्लेट. वरून बघितलं तर झकास काळा ओपल. बाजूने बघितलं तर चिकटवल्याची सरळ रेघ. म्हणून तो बंद कोंदणात बसवतात, म्हणजे बाजूही दिसत नाही आणि पाठही. माझा साधा नियम आहे, बंद कोंदणातला ओपल न बघता घ्यायचा नाही. डब्लेट म्हणून सांगून, डब्लेटच्या भावात दिला तर जरूर घ्या, सुंदर दिसतो. फक्त भांडी घासताना काढून ठेवा, पाणी गोंदात शिरलं की धुरकट होतो.

आता माझ्या मामेबहिणीचं सांगते. तिची परवानगी घेऊनच लिहितेय, ती म्हणाली "लिही, आणि तिखट लिही". घरी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने लेकीच्या लग्नासाठी शुक्राची अंगठी मागवली. ‘नैसर्गिक ऑस्ट्रेलियन ओपल’, चांदीत, मागून उघडी. सोबत एक छापील कार्ड आलं: गुरुवारी रात्री अंगठी कच्च्या दुधात आणि गंगाजलात बुडवून ठेवावी, शुक्रवारी सकाळी मंत्र म्हणून धारण करावी. तिने अक्षरशः तसंच केलं. शुक्रवारी सकाळी वाटीतून बाहेर काढली तर कोंदणात काचेचा तुकडा. रंग गायब! चार दिवसांनी खडा सुकला तो पिवळट, मळकट, आणि कडेला एक बारीक चीर.

झालं काय ते सांगते. २००८ मध्ये इथिओपियाच्या वोलो भागात ओपलचे मोठे साठे सापडले, आणि तेव्हापासून तो माल बाजारात भरपूर आला. त्यातला बराच जयपूरलाच घडवला जातो. दिसायला अप्रतिम, आणि तुलनेने स्वस्त. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. जिभेला लावला तर चिकटतो. पाण्यात पडला की पारदर्शक होतो, रंग जातो, वजनही वाढतं. साधं पाणी असेल तर सुकल्यावर रंग बहुतेक वेळा परत येतो. पण दूध, तेल, साबण, अत्तर आत शिरलं तर ते सगळं बाहेर पडेल याची खात्री नाही. ऑस्ट्रेलियाचा बहुतांश ओपल असा पाणी पीत नाही (अँडामूकाचा मॅट्रिक्स ओपल सच्छिद्र असतो, पण तो साखर आणि आम्ल वापरून काळा करण्यासाठीच प्रसिद्ध). म्हणजे माझ्या मते, एका वाटी दुधाने गाव उघडं पाडलं. इथिओपियाचा असणं हा दोष नव्हे, मला स्वतःला तो आवडतो. दोष हा की तिला ते सांगितलं नाही, आणि वर जे कधीही करू नये तेच छापील कार्डावर करायला सांगितलं.

तक्रारीला आलेलं उत्तर तर सोन्याच्या चौकटीत लावावं असं होतं. "मॅडम, रत्नाने तुमच्यावरचा दोष स्वतःवर ओढून घेतला, हे शुभ लक्षण आहे. नवीन रत्न घ्या, १० टक्के सूट देतो." आणि परत घेण्याबद्दल? "वापरलेला माल परत घेत नाही." म्हणजे खडा टिकला तर रत्न चांगलं, फुटला तर आणखी चांगलं! असा धंदा मला बँकेत कुणी शिकवला असता तर मी आज कुठे असते.

तिला वाटत होतं की चूक आपलीच, दूध जरा जास्त वेळ झालं. ते ऐकून माझं डोकं खरं फिरलं. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, हे २०२०च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे. माल कुठल्या देशातला तेही सांगावं लागतं. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ते कार्ड जोडून. कार्ड जपून ठेवलं हे तिने फार शहाणपणाचं केलं. लग्न मात्र व्हायचं तेव्हा होईल :)

"पण सर्टिफिकेट होतं ना?" होतं. त्यावर लिहिलं होतं ‘नॅचरल ओपल’. खरंच आहे ते! सर्टिफिकेट बहुधा एवढंच सांगतं की हा पदार्थ ओपल आहे आणि नैसर्गिक आहे. चांगला आहे, या किमतीचा आहे, पाणी पीत नाही, असं ते म्हणत नाही. आधार कार्डावरून माणूस चांगला आहे का ते कळतं का? त्यावर प्रक्रिया केल्याची नोंद आहे का ते वाचा. धुराने काळा केलेला, रंगवलेला इथिओपियन ओपल ‘ब्लॅक’ म्हणून फिरतो. नोंदीचा रकानाच नसेल तर तो कागद फक्त जाड आहे. आणि चांदी-सोन्यावरचा हॉलमार्क धातूबद्दल असतो, खड्याबद्दल चकार शब्द नसतो त्यात.

राहिले ते स्टार. ४.८ आणि हजारभर अभिप्राय. कधी लिहिले जातात ते? पार्सल आलं त्या संध्याकाळी. "पॅकिंग सुंदर, वेळेत आलं." ओपलला सुकून तडे जायला महिने लागू शकतात, तेव्हा अभिप्राय बदलायला कोण जातं? मिळालेले स्टार हे कुरिअरवाल्याचे असतात, त्यालाच द्या.

यावर मेव्हण्यांचं म्हणणं असं की दुकानातसुद्धा फसवतात. फसवतात की. पण दुकानात मी खडा उचलून दारापर्यंत जाऊ शकते, उन्हात तिरका करू शकते, पाठ बघू शकते, भिंग लावू शकते, आणि सराफाचा चेहराही बघू शकते. पाचव्या प्रश्नाला तो चिडला की मला उत्तर मिळालेलं असतं. शिवाय त्याला उद्याही त्याच गल्लीत शटर उघडायचं असतं.

ऑनलाइन घेऊच नका असं म्हणत नाही. लाइटनिंग रिज आपल्या गावात नाही, कूबर पेडी नाही, आणि तिथले काही छोटे खाणवाले-घडवणारे फार प्रामाणिकपणे विकतात. प्रत्येक खड्याचा वेगळा फोटो, रेघ कुठे आहे, वाळूचा कण कुठे आहे, कुठल्या बाजूने झोपलेला दिसतो, सगळं स्वतःहून सांगतात. दोष सांगणारा विक्रेता सापडला तर त्याचा पत्ता मलाही द्या. बाकीच्यांकडे एक व्हिडिओ मागा, मध्ये न तोडलेला: खडा कोरडा, पांढऱ्या कागदावर, शेजारी एक रुपयाचं नाणं, आधी खिडकीपाशी सावलीत, मग ट्यूबलाइटखाली, मग उन्हात. बाजूने दाखवा, उलटा करून पाठ दाखवा. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. हजारो रुपये घेणाऱ्याला दोन मिनिटं नसतील तर आपल्यालाही नसावीत. आणि परत घेण्याची मुदत लेखी घ्या, त्या मुदतीत खडा एखाद्या स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासून येईल एवढी तरी ती असावी. ७ दिवसांत पोस्टाने जाऊन येऊनही होत नाही.

मेव्हण्यांना मी हे कालच सांगितलं. त्यांनी विचारलं त्या विक्रेत्याला पाठीचा फोटो. उत्तर आलं, "सर, ओपलला पाठ नसते."